वाचू या कागद : स्कूटरचं पत्रक



मागच्या वेळी आपण विजेचं बिल वाचलं. युनिट म्हणजे काय, स्थिर आकार म्हणजे काय, हे आता तुम्हाला पक्कं ठाऊक झालं असेल. आज जरा गुळगुळीत, रंगीत कागद वाचू या. हा कागद मिळतो गाड्यांच्या दुकानात, आणि तोही फुकट! पुढच्या पानावर चकचकीत स्कूटर असते आणि मागच्या पानावर बारीक अक्षरात आकड्यांचा एक तक्ता. सगळेजण पुढचं पान बघतात. आपण मागचं वाचायचं.

झालं असं, की एके दिवशी मधल्या सुट्टीत सातवीतली एक मुलगी अशी दोन पत्रकं घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "बाई, हे एन-एम म्हणजे नवं मॉडेल का?"

मला हसू आलं, पण मी ते दाबलं. कारण तिचा चेहरा गंभीर होता.

आमची शाळा साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून गेलं की पुढं, माथ्यावर आहे. या मुलीचे वडील नवी मुंबईच्या बाजारात माथाडी कामगार. घरी आई, आजोबा, ही, आणि तीन म्हशी. आई रोज पहाटे दूध घेऊन साताऱ्यात रतीब घालायला जाते. जीप मिळाली तर बरं, नाही तर एसटीची वाट बघायची. एसटी चुकली की रतीब चुकला, आणि उन्हाळ्यात तर दूधच नासलं. म्हणून माउलीनं तीन वर्षं बचत गटात पैसे साठवले, वर गटाचं कर्ज काढलं आणि स्कूटर घ्यायचं ठरवलं.

संध्याकाळी आई स्वतःच शाळेत आल्या. म्हणाल्या, "बाई, आमाला ह्यातलं काय कळतंय? दुकानातला पोरगा म्हणतोय, ही मोठी घ्या, पावरफुल हाय. हिचे वडील फोनवर म्हणत्यात, मोठीच घे. पण एकदा घेतली की परत देता येत न्हाई. पैसं गटाचं हायत."

मी म्हणाले, "वहिनी, दोन दिवस द्या. उद्या आमचा सगळा वर्ग तुमची गाडी वाचेल."

खरं सांगू? मी हे आनंदानं मान्य केलं याला एक कारण होतं. ते जरा पुढं सांगते.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन रकाने आखले. एकाला नाव दिलं 'पहिली', दुसऱ्याला 'दुसरी'. कंपन्यांची नावं मुद्दाम लिहिली नाहीत. नाव लिहिलं की आकडे दिसेनासे होतात!

पहिली ओळ आली 'सीसी'ची. पहिली १०९.५, दुसरी १२४.

सीसी म्हणजे क्युबिक सेंटिमीटर, म्हणजेच आपले घन सेंटिमीटर. इंजिनात एक नळकांडं असतं, त्याला सिलिंडर म्हणतात. त्यात एक दट्ट्या खालीवर होतो. दट्ट्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकताना जेवढी जागा व्यापतो, ते घनफळ म्हणजे सीसी. तुमच्या घरातल्या एक लिटरच्या मापात हजार सीसी मावतात. म्हणजे ११० सीसी म्हणजे अर्ध्या कप चहाच्या आसपास. एवढ्याशा जागेत पेट्रोलची वाफ आणि हवा यांचा भडका उडतो आणि तो दोन माणसांना घाट चढवतो. आहे की नाही गंमत?

हा आकडा आपल्याला काढताही येतो. वर्तुळाचं क्षेत्रफळ खरं तर आठवीत येतं, पण गरज पडली की आधी शिकायला काही हरकत नाही. उदाहरणाला मी घेतली जुनी बजाज चेतक. या चेतकच्या सिलिंडरचा व्यास ५७ मिलिमीटर होता आणि दट्ट्याची धावही बरोबर ५७ मिलिमीटर. म्हणजे त्रिज्या २.८५ सेंटिमीटर. तिचा वर्ग ८.१२२५. त्याला ३.१४१६ नं गुणलं की २५.५२ चौरस सेंटिमीटर. आता त्याला ५.७ सेंटिमीटर धावेनं गुणा. किती आलं? सुमारे १४५.४५. चेतकच्या पत्रकात छापलेला आकडा हाच आहे! पोरांनी टाळ्याच वाजवल्या. छापील आकडा आपल्या पाटीवर उतरला की त्याची भीती जाते.

चेतकचं नाव निघालं आणि दाराशी बसलेले त्या मुलीचे आजोबा पुढं सरकले. "बाई, आमच्या टायमाला कसलं पत्रक आलंय? नंबर लावायचा आन वाट बघायची. पोरगं शाळेत घालताना नंबर लावला, तर गाडी त्याच्या लग्नात!"

आजोबा थोडं वाढवून सांगत होते, पण फार नाही. चेतक १९७२ साली आली. राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव तिला दिलेलं. त्या काळी किती गाड्या बनवायच्या यावर सरकारी परवान्याची मर्यादा होती. मागणी मोठी आणि गाड्या थोड्या. त्यामुळे लोक कित्येक वर्षं थांबायचे. आणि एक गोष्ट तर आपल्या साताऱ्याच्या अभिमानाची. १९७५ साली पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांनी मिळून 'महाराष्ट्र स्कूटर्स' ही कंपनी काढली आणि तिचा कारखाना साताऱ्यात उभा राहिला. तिथं बनायची 'प्रिया' स्कूटर. तुमच्या आजोबांच्या पिढीतल्या कित्येकांना 'प्रिया' म्हटलं की अजून आधी स्कूटरच आठवते! पुढं तिथं स्कूटर बनणं थांबलं.

त्या गाड्यांचं इंजिन एका बाजूला असायचं. सकाळी चालू झाली नाही, की लोक स्कूटर एका अंगावर तिरपी करायचे आणि मग किक मारायचे. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागायचं. गिअर डाव्या हातानं बदलायचे. तेव्हा निवडायला फारसं काही नव्हतंच, मग पत्रक वाचून करणार काय? आज दुकानात वीस गाड्या उभ्या असतात. म्हणून आज वाचावं लागतं.

दुसरी ओळ : ताकद. पहिली ७.८ पीएस, दुसरी ८.२ पीएस.

पीएस ही अश्वशक्ती. ७५ किलोचं वजन एका सेकंदात एक मीटर वर उचललं, तर एक पीएस ताकद लागली. म्हणजे एक अश्वशक्ती! पण इथं एक फसगत असते. कुणी ताकद पीएसमध्ये लिहितं, कुणी बीएचपीमध्ये, कुणी किलोवॅटमध्ये. एक किलोवॅट म्हणजे साधारण १.३६ पीएस. समजा एका पत्रकात ५.७ किलोवॅट लिहिलंय आणि दुसऱ्यात ७.८ पीएस. तुम्हाला वाटेल, दुसरी गाडी किती जोरदार! पण दोन्ही आकडे जवळपास सारखेच आहेत. एक जण किलोत मोजतोय आणि दुसरा शेरात, एवढंच.

या आकड्याच्या पुढं लिहिलेलं असतं, '८००० आरपीएम'. म्हणजे इंजिन मिनिटाला ८००० फेरे घेत असताना ही ताकद मिळते. एवढा पीळ रोज कोण देतो? दूध घेऊन घाटात तर नाहीच.

म्हणून तिसरी ओळ जास्त कामाची. तीच ती, आपली एन-एम. पहिली ८.८, दुसरी १०.३.

एन-एम म्हणजे न्यूटन-मीटर. हा पिळाचा जोर. इंग्रजीत त्याला टॉर्क म्हणतात. तुम्ही जातं पाहिलंय ना? त्याचा खुंटा कडेला असतो, मध्यभागी नसतो. का बरं? खुंटा मध्याजवळ असता तर दळणारीचे हात मोडून आले असते. मध्यापासून जितकं लांब, तितका थोड्या जोरात जास्त पीळ. एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला साधारण शंभर ग्रॅम वजन टांगलं, तर मध्यावर जेवढा पीळ पडतो तो एक न्यूटन-मीटर. मग ८.८ म्हणजे जवळजवळ ९०० ग्रॅम टांगल्यासारखं. हा झाला इंजिनातला पीळ. पुढं पट्टा आणि दातेरी चाकं तो वाढवून मागच्या चाकाला देतात.

चढावर, वजन घेऊन, थांबलेली गाडी हलवायची असेल तर हा आकडा बघायचा. आणि तो किती फेऱ्यांवर मिळतो तेही बघायचं. जितक्या कमी फेऱ्यांवर, तितकं चांगलं. पहिलीत ५२५० वर, दुसरीत ५००० वर.

इथवर आलो आणि वर्गानं निकाल लावून टाकला. "बाई, दुसरीच घ्यायची! सीसी जास्त, पीएस जास्त, एन-एम पण जास्त!"

मी म्हणाले, "थांबा. अजून चार ओळी राहिल्यात." आणि मग मी त्यांना माझी गोष्ट सांगितली.

माझं माहेर सांगलीचं आणि सासर साताऱ्याचं. सांगली सपाट. तिथं मी शिकले ती हलकी गाडी. साताऱ्यात नोकरी लागल्यावर पहिली स्कूटर घेतली, ती रंग बघून. मोरपंखी रंग, काय सांगू तुम्हाला! मागचं पान वाचलंच नाही. आता सातारा म्हणजे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला पसरलेलं गाव. कुठूनही कुठंही जा, चढ नाही तर उतार. एकदा मागं माझा मुलगा बसलेला, तेव्हा तो चार वर्षांचा होता. चढावर पुढची रिक्षा थांबली म्हणून मी थांबले. पाय टेकवायला गेले, तर जमीन लागेचना. नुसते चवडे टेकले. गाडी जड, एका अंगाला कलली आणि आम्ही दोघं खाली. वेग किती होता? शून्य! उभ्या गाडीवरून पडलो. मुलाच्या कोपराला चार टाके पडले. टाके घालताना तो रडला नाही, मीच रडले.

घरी येऊन ते पत्रक शोधलं. मागच्या पानावर सगळं लिहिलेलं होतं. गाडीचं वजन, सीटची उंची, सगळं! गाडीची काही चूक नव्हती. एखाद्या उंच माणसासाठी ती झकास गाडी होती. माझ्यासाठी नव्हती. तेव्हापासून मी म्हणते, वाचता येणं आणि वाचणं या दोन गोष्टी वेगळ्या.

वर्ग एकदम गप्प झाला. मग मी उरलेल्या ओळी वाचायला घेतल्या.

सीटची उंची : पहिली ७६५ मिलिमीटर, दुसरी ७९०. फरक अडीच सेंटिमीटर. "एवढाच?" असं एक मुलगा म्हणाला. मी त्याला टाचा अडीच सेंटिमीटर उचलून पाच मिनिटं उभं राहायला सांगितलं. दोन मिनिटांत त्याच्या पोटऱ्या भरून आल्या.

कर्ब वेट : पहिली १०६ किलो, दुसरी ११३. कर्ब वेट म्हणजे इंजिन ऑइल, पेट्रोल वगैरे भरून, चालवायला तयार असलेल्या गाडीचं वजन. काही ठिकाणी 'ड्राय वेट' लिहितात, म्हणजे कोरड्या गाडीचं. दोन गाड्यांची तुलना करताना दोन्हीकडे एकच शब्द आहे ना, हे बघायचं.

जमिनीपासूनची उंची, म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स : गाडीचा तळ आणि रस्ता यांच्यातलं अंतर. पहिली १६२ मिलिमीटर. दोघं बसले की हे अंतर आणखी कमी होतं. गावोगावच्या घरगुती गतिरोधकांवर खाली 'खर्रर्र' आवाज येतो तो त्यामुळेच.

टायरवरचे आकडे तर मुलांनी माझ्याच गाडीजवळ जाऊन वाचले. ९०/१००-१० ५३जे. हे काय गुपित? रुंदी ९० मिलिमीटर, टायरची जाडी रुंदीच्या १०० टक्के, आतलं चाक १० इंचांचं. ५३ हा भाराचा खुणेचा अंक, त्याचा अर्थ तो टायर २०६ किलोपर्यंत भार पेलतो. आणि 'जे' म्हणजे ताशी १०० किलोमीटरची मर्यादा. शिवाय लंबगोलात चार अंक असतात. समजा २४२३, तर तो टायर २०२३ सालच्या २४ व्या आठवड्यातला. टायरलाही जन्मतारीख असते बरं का!

मग प्रश्न आला ओझ्याचा. पत्रकात ही ओळ नव्हतीच. गाडीबरोबर जी माहितीपुस्तिका मिळते तिच्यात असते. त्या मुलीनं दुकानात फोन लावून स्वतः विचारलं, "काका, चालवणाऱ्यासकट जास्तीत जास्त किती किलो चालतं?" पलीकडे थोडा वेळ शांतता. मग उत्तर आलं, पहिलीला १३० किलो.

आता गणित. आई ५२ किलो. दूध ३० लिटर. दूध पाण्यापेक्षा थोडं जड असतं, लिटरला १.०३ किलो धरू, म्हणजे ३१ किलो. किटल्या ४ किलो. बेरीज ८७. झक्कास!

"पण बाई," मुलगी म्हणाली, "येताना आई पेंडीचं पोतं आणते. पन्नास किलोचं. आणि शनिवारी मीपण सोबत असते. मी चौतीस किलो."

५२ आणि ५० आणि ३४ आणि किटल्यांचे ४. एकूण १४०. दहा किलो जास्त! मुलगी स्वतःच म्हणाली, "म्हणजे पोतं असेल तेव्हा मी एसटीनं." असं शहाणपण गणिताच्या पुस्तकात मिळत नाही, ते गणित करताना मिळतं.

आणि मग तिनंच एक गोष्ट बोलून दाखवली, जी मलाही सुचली नव्हती. ती म्हणाली, "बाई, दूध खाली जातंय आणि पोतं वर येतंय. पण रोज खालीच जायचंय भरलेल्या किटल्या घेऊन. पोतं आठवड्यातून एकदा."

अरेच्चा! आम्ही सगळे चढण्याची ताकद मोजत बसलो होतो. पण या माउलीला रोज पहाटे, अंधारात, दवानं ओल्या रस्त्यावर, ३५ किलो ओझं घेऊन घाट उतरायचा होता. चढताना ताकद कमी पडली तर काय होईल? गाडी हळू जाईल. उतरताना ब्रेक कमी पडले तर?

मग आम्ही सगळ्यात शेवटची, सगळ्यात बारीक ओळ वाचली. ब्रेक. दोन्ही गाड्यांना पुढं आणि मागं ड्रम. पण पहिलीच्या खाली एक टीप होती : पुढं डिस्क ब्रेक असलेला प्रकारही मिळतो.

ड्रम ब्रेक बंद डब्यात असतो. लांब उतारावर तो सारखा दाबला की आत उष्णता साठते आणि पकड कमी होत जाते. डिस्क उघड्यावर असते, वारा लागून लवकर गार होते. आणि पुढच्या चाकालाच का? एसटीनं करकचून ब्रेक मारला की तुम्ही कुठं झुकता? पुढं! तसंच गाडीचं वजनही पुढच्या चाकावर येतं. म्हणून थांबवण्याचं जास्त काम पुढचा ब्रेक करतो. पत्रकात 'सीबीएस' असंही लिहिलेलं असतं. एक लिव्हर दाबली की दोन्ही चाकांचे ब्रेक थोडेथोडे लागतात. १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून हे किंवा एबीएस सक्तीचं झालं.

आणखी एक. जुन्या गिअरच्या गाडीत खालच्या गिअरमध्ये टाकून उतरता यायचं, इंजिनच गाडीला धरून ठेवायचं. बिनगिअरच्या गाडीत तो आधार कमी, ब्रेकवरच जास्त भिस्त. काही जण पेट्रोल वाचवायला घाटात इंजिन बंद करून उतरतात. असं कधी, कधीही करू नका, आणि घरात कुणी करत असेल तर त्याला थांबवा.

आता पैशांचं. पत्रकावर मोठ्या अक्षरात असते 'एक्स-शोरूम' किंमत. पण घरी येते ती 'ऑन-रोड' किंमत. तिच्यात रस्ता कर, नोंदणी, विमा हे सगळं मिळवलेलं असतं. तुलना नेहमी ऑन-रोडची करायची, आणि प्रत्येक रकमेपुढं कशाचे हे लिहून मागायचं. दुसरी गाडी पहिलीपेक्षा ११ हजारांनी महाग होती. पहिलीचा डिस्कवाला प्रकार साध्यापेक्षा साडेचार हजारांनी.

आणि मायलेज? पहिलीचं ६०, दुसरीचं ५०. असे आकडे ठरवलेल्या पद्धतीनं मोजलेले असतात. पुण्याला 'एआरएआय' नावाची संस्था १९६६ पासून आहे, तिथं अशा चाचण्या होतात. रोलरवर चाक फिरवून, ठरावीक वेगानं. तिथं खड्डे नाहीत, घाट नाही, किटल्या नाहीत. म्हणून तेवढं मायलेज आपल्याला मिळेलच असं नाही. पण दोन्ही गाड्या एकाच पद्धतीनं मोजल्या असतील तर तुलनेला तो आकडा चालतो. रोजचे २८ किलोमीटर. २८ भागिले ६० म्हणजे ०.४७ लिटर. २८ भागिले ५० म्हणजे ०.५६ लिटर. फरक लिटरच्या दहाव्या भागाहूनही थोडा कमी. पेट्रोल लिटरला शंभर रुपये धरलं तर दिवसाला नऊ रुपये, महिन्याला पावणेतीनशेच्या आसपास. ज्या घरात पैसा दुधाच्या लिटरवर मोजला जातो, तिथं हा आकडा छोटा नाही.

याच सुमारास माझ्या भावानं सांगलीत विजेवरची स्कूटर घेतली. तिच्या पत्रकात सीसीच नाही! तिथं बॅटरीची क्षमता किलोवॅट-अवरमध्ये. ओळखलंत? मागच्या वेळचं आपलं युनिट! तीन किलोवॅट-अवर म्हणजे तीन युनिट वीज मावते. आणि एक ओळ होती 'आयपी ६७'. सहा म्हणजे धूळ आत जात नाही. सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी आत पाणी शिरत नाही. भाऊ खूश होऊन म्हणाला, "ताई, आता महापुराची भीती नाही!" मी म्हणाले, "अरे, २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं होतं. ते काय अर्धा तास होतं? कित्येक दिवस गाड्या पाण्यात होत्या." आकडा वाचताना त्याची हद्दही वाचायची असते. पूर येणार म्हटलं की गाडी आधी उंचावर न्यायची. आणि पेट्रोलची गाडी बुडाली असेल तर चालू करून बघायची नाही, ढकलत मेस्त्रीकडे न्यायची.

बरं, मग काय ठरलं? वर्गानं कागदावर लिहून दिलं : पहिली गाडी, पुढं डिस्क. आणि खाली तीन गोष्टी. एक, घेण्याआधी आईंनी स्वतः बसून दोन्ही पाय टेकतात का ते बघायचं, कारण सीट रुंद असली तर उंची कमी असूनही पाय लांबच राहतात. दोन, घाटात चालवून बघायची. तीन, आधी लायसन्स.

आईंकडे लायसन्स नव्हतं, म्हणून मामा चालवायला बसला आणि आई मागं. दोघांचं मिळून ओझं किटल्यांपेक्षा जास्तच. यवतेश्वरचा घाट गाडी सावकाश, पण न कुरकुरता चढली. उतरताना मामानं दोनदा थांबवून बघितली. मग आईंनी शिकाऊ परवाना काढला, दीड महिना मैदानात शिकल्या, पक्कं लायसन्स मिळवलं, आणि मगच किटल्या बांधल्या. दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या.

परवा पहाटे मला घाटात भेटल्या. डोक्यावर हेल्मेट, आत पदर नीट खोचलेला. गाडी थांबवली. दोन्ही पाय जमिनीवर. हसून म्हणाल्या, "बाई, टेकत्यात बघा!"

आता तुमच्यापैकी काहींच्या मनात काय चाललंय ते मला ठाऊक आहे. "आम्ही कधी चालवायची?" तर सीसीचा आकडा कायद्यातही आहे. सोळा पूर्ण झाल्यावर फक्त ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी, तीही लायसन्स काढून. त्यापुढची सगळी अठरानंतर. आज रस्त्यावरच्या बहुतेक स्कूटरी ५० सीसीच्या वर आहेत, तेव्हा पळवाट शोधू नका. २०१९ साली कायदा बदलला. आता लहान मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकांना २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बाबांना तुरुंगात धाडायचंय का? तोवर तुम्ही घरातले गाडी वाचणारे व्हा. चालवणारे पुष्कळ असतात, वाचणारे थोडे.

गृहपाठ :

१. घरातल्या किंवा शेजारच्या गाडीची माहितीपुस्तिका काढा. चालवणाऱ्यासकट किती किलो भार चालतो ते शोधा. घरातले जे एकत्र जातात त्यांची वजनं आणि पिशव्या मिळवून बघा, बसतं का?

२. एका गाडीच्या सिलिंडरचा व्यास ४७ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ६३.१ मिलिमीटर आहे. सीसी किती? (उत्तर ११० च्या थोडं अलीकडे यायला हवं.)

३. गाडी बंद असताना, मोठ्या माणसासमोर, टायरची जन्मतारीख वाचा आणि वहीत लिहा.

४. घरातल्या हेल्मेटवर आयएसआयची खूण आणि 'आयएस ४१५१' हा क्रमांक आहे का बघा. नसेल तर ते हेल्मेट नव्हे, टोपी!

पुढच्या आठवड्यात आपण औषधाच्या गोळ्यांचं पाकीट वाचणार आहोत. एक रिकामं पाकीट जपून ठेवा. रिकामं म्हटलंय हं!

तुमच्या,
बाई